बापू गोखले : पेशवाईचे शेवटचे सेनापती

खेड्यापाड्यांतील आपल्या लोकांस येरवडा हे नाव ठाऊक असते ते बहुधा तेथील तुरुंगामुळे. गावात कोणास मोठी शिक्षा झाली, म्हणजे तो येरवड्यास गेला असे म्हातारी माणसे सांगतात. हा तुरुंग १८७१ साली बांधला गेला. पुढे गांधीजी तेथे बंदीत होते, आणि १९३२ च्या सप्टेंबरात अस्पृश्य मानलेल्या वर्गांच्या प्रतिनिधींविषयी जो प्रसिद्ध करार झाला तोही ह्याच भिंतींच्या आत. परंतु तुरुंगाचा पहिला दगड बसण्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ येरवडा हे मुळा-मुठेच्या काठचे एक साधे खेडे होते. मुळा व मुठा ह्या दोन नद्यांचा संगम झाल्यावर प्रवाह पूर्वेकडे वाहतो. त्याच्या उत्तरतीरी येरवडा, आणि गावाजवळ नदी पायी ओलांडण्याचा उतार. ता. १६ नोव्हेंबर १८१७ रोजी ह्या उतारावर झालेल्या लढाईने पुणे शहर कोणाचे, हा प्रश्न एका रात्रीत सुटला. त्या दिवशी दक्षिणतीरावर जी मराठी फौज उभी होती तिचे सेनापती बापू गोखले होत. त्यांचे चरित्र आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

त्यांचे खरे नाव नरहर गणेश गोखले. बापू हे घरातले नाव, पण तेच इतिहासात राहिले. जन्म सुमारे १७७७ सालचा. घराणे कोकणातले. त्यांचे चुलते धोंडोपंत गोखले हे पेशव्यांच्या वतीने कर्नाटकात, धारवाडच्या बाजूस, फौज घेऊन असत. बापूंचे शिक्षण ह्या चुलत्यांच्या छावणीतच झाले. घोड्यावर बसणे, वसुलीच्या वेळी गावोगाव हिंडणे, पावसाळ्यात नदी भरली म्हणजे तिच्या काठी दिवस काढणे, हीच त्यांची शाळा.

त्या दिवसांत कर्नाटकात धोंड्या वाघ नावाचा एक बंडखोर माजला होता. तो जातीने मराठा. टिपू सुलतानाच्या चाकरीत शिरला, टिपूने त्यास बाटविले आणि पुढे श्रीरंगपट्टणच्या किल्ल्यात बेडी घालून टाकले. १७९९ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तो किल्ला घेतला, तेव्हा धोंड्या सुटला आणि थोड्याच काळात हजारो स्वारांचा नायक बनला. १८०० च्या पावसाळ्याच्या तोंडी त्याने गोखल्यांच्या फौजेवर अचानक घाला घातला. धोंडोपंत ठार झाले, बापूंचे बंधू आप्पा हेही पडले, आणि बापू कसेबसे वाचले. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. धोंडोपंतांची पत्नी लक्ष्मीबाई हिने मारेकऱ्याचा सूड उगविल्याशिवाय पतीची उत्तरक्रिया होऊ द्यावयाची नाही असा पण केला, असे सांगतात. चुलत्याची जागा आणि त्याबरोबर हा पणही बापूंच्या वाट्यास आला.

सूड उगविण्यास त्यांस जोडीदार मिळाला तो इंग्रजांचा. कर्नल आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून साऱ्या युरोपात गाजला, तो त्या वेळी धोंड्याच्या पाठीवर होता. बापू आपले उरलेले स्वार घेऊन त्यास मिळाले. ता. १० सप्टेंबर १८०० रोजी कोनगल येथे धोंड्याची फौज गाठली गेली आणि तो लढता लढता मारला गेला. लक्ष्मीबाईचा पण फिटला. ह्याच लढाईनंतरची एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. धोंड्याच्या सामानात त्याचा एक लहान मुलगा सापडला. वेलस्लीने त्यास आपल्या तंबूत आणविले, वाढविले, आणि विलायतेस जाताना त्याच्या पोषणासाठी पैसा ठेवून गेला. एकाच दिवशी, एकाच माळावर, एकाने सूड घेतला आणि दुसऱ्याने शत्रूचे पोर उचलून घेतले. बापूंस त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. वेलस्लीचा चुलता तेथे मारला गेला नव्हता.

आता बापूंचा धनी कोण होता हे सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्याच्यावर अवलंबून आहे. १७९६ च्या अखेरीस दुसरे बाजीराव पेशवे झाले. रूप गोड, वाणी त्याहून गोड, धर्मकृत्यांचा मोठा दिखावा. पण मन संशयी आणि छाती कच्ची. १८०० च्या मार्चात नाना फडणीस वारले, आणि धाक घालणारे कोणी उरले नाही. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आला. ता. २५ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ लढाई झाली, आणि तिचा निकाल लागतो न लागतो तोच पेशवे सिंहगडाकडे आणि तेथून कोकणात पळाले. शेवटी जहाजाने वसईस जाऊन इंग्रजांच्या आश्रयास राहिले. तेथे वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी जो तह केला त्याने इंग्रजांची फौज पेशव्यांच्या पदरी आणि पेशवे इंग्रजांच्या पदरी पडले. बाजीरावांचे हे पहिले पलायन वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१८०३ च्या वसंतात वेलस्ली कर्नाटकातून पुण्यास निघाला, तेव्हा वाटेत दक्षिणेतले सरदार त्यास मिळाले, आणि त्यांत गोखले होते. २० एप्रिल रोजी तो पुण्यात पोहोचला, आणि मे महिन्यात पेशवे पुन्हा गादीवर बसले. त्याच वर्षी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्याशी इंग्रजांचे युद्ध झाले. सप्टेंबरच्या २३ तारखेची असईची लढाई आणि नोव्हेंबरच्या २९ तारखेची अडगावची लढाई ह्या दोन्हींच्या वेळी पेशव्यांचे स्वार इंग्रजांच्या बाजूस होते, आणि त्या स्वारांच्या नायकांत बापू होते. तेव्हा हे नीट समजून घ्यावे की, ज्या मनुष्याने पुढे इंग्रजांशी शेवटची झुंज घेतली, तो त्यांचा जन्माचा वैरी नव्हता. त्यांच्या कवायतीची पलटण आगीखाली कशी उभी राहते, तोफ किती वेगाने भरते, रात्री चौकी कशी ठेवतात, हे सारे त्याने जवळून पाहिले होते. इंग्रजांची ताकद किती, हे पुण्यात त्याच्याइतके थोड्यांसच ठाऊक असेल.

त्या युद्धाची किंमत कोणी दिली, हे इतिहासाच्या मोठ्या पुस्तकांत एका ओळीत असते. आपल्या वाचकांस ते एका ओळीहून अधिक कळेल. होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या स्वारांनी पिके तुडविली, बैल नेले, पेव उकरली. त्यावर पाऊस हुकला, आणि १८०३-०४ साली दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. गावेच्या गावे ओसाड झाली. पुढे पेशव्यांनी परगण्यांची वसुली मक्त्याने देण्याची रीत वाढविली. जो अधिक रक्कम बोलेल त्यास परगणा; आणि तो मक्तेदार ती रक्कम, तिच्यावर आपला नफा, आणि नफ्यावर आपल्या कारकुनाचा नफा कुणब्याच्या खळ्यातून काढणार. पाटलाने तक्रार करावी तर कोणाकडे?

ह्या बाबतीत बापूंचाही हात स्वच्छ होता असे म्हणता येत नाही. साताऱ्याच्या बाजूस परशुरामपंत प्रतिनिधी आपल्या आईशी व कारभाऱ्याशी भांडून कैदेत पडले होते. त्यांस ताई नावाच्या एका तेलिणीने माणसे जमवून सोडविले. तेव्हा पेशव्यांनी बापूंस त्यांच्यावर पाठविले. वसंतगडाजवळ लढाई झाली. प्रतिनिधी जबर जखमी होऊन हाती लागले आणि पुण्यास नेले गेले. पण ती तेलीण शरण आली नाही. ती कोयनेच्या खोऱ्यातील वासोट्याच्या किल्ल्यावर चढली, आणि तिने सुमारे आठ महिने तो किल्ला गोखल्यांच्या फौजेविरुद्ध लढविला. राजवाड्यात जन्मलेली नव्हे, सरदाराची मुलगी नव्हे. घाणा चालविणाऱ्यांच्या घरची बाई, आणि पेशव्यांचा नामांकित सरदार तिच्यापुढे आठ महिने अडकून पडला. लोकांनी तिच्यावर गाणी रचली, गोखल्यांवर नव्हे, हे योग्यच झाले. किल्ला अखेर घेतला गेला. त्यानंतर प्रतिनिधींचा मुलूख कित्येक वर्षे बापूंच्या हाती राहिला, आणि त्यांनी तेथून जबर खंडण्या वसूल केल्या. फौज पोसावयाची तर पैसा लागतो, हे खरे; परंतु तो कोणाच्या पेवातून आला, हेही लिहिले गेले पाहिजे.

मधली काही वर्षे ते दरबारात फारसे पुढे नव्हते. त्या काळी पेशव्यांच्या कानाशी त्रिंबकजी डेंगळे असे. १८१५ च्या जुलैत बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. त्याचा ठपका त्रिंबकजीवर आला, आणि इंग्रजांनी त्यास मागून घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात ठेविले. पुढच्या वर्षी सप्टेंबरात तो तेथून निसटला. पेशवे त्यास आतून मदत करतात असे दिसल्यावर रेसिडेंट माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१७ च्या जूनमध्ये फौजेचा वेढा घालून पेशव्यांकडून नवा तह करून घेतला. त्या तहाने पेशव्यांनी मोठा मुलूख गमावला आणि मराठी राज्यांचे मुखत्यारपण सोडले. अपमान झालेला मनुष्य दोन वाटांनी जातो. कोणी शहाणा होतो, कोणी सूड शोधतो. बाजीरावांनी सूड शोधिला, आणि तो घेण्यासाठी त्यांस खरा लढवय्या हवा होता. त्यांनी बापू गोखल्यांस पुढे केले, सारी सूत्रे त्यांच्या हाती दिली, आणि फौज उभी करण्यास जवळजवळ एक कोट रुपये दिले. किल्ल्यांची डागडुजी सुरू झाली, नवे स्वार चाकरीस ठेवले जाऊ लागले, आणि इंग्रजांच्या पलटणीतील शिपायांस फोडण्यासाठी गुप्तपणे पैसे व निरोप जाऊ लागले. ह्या फितुरीच्या कामात बापूंचे अंग होते.

परंतु एक काम त्यांनी केले नाही. एल्फिन्स्टनास भेटीस बोलावून तेथेच मारून टाकावे असा बेत पेशव्यांच्या मनात होता. बापूंनी त्यास साफ नकार दिला. एल्फिन्स्टनाने त्यांच्यावर पूर्वी काही उपकार केले होते. आणि ज्याच्याशी लढावयाचे त्यास पाहुणा म्हणून बोलावून मारणे हे त्यांच्या स्वभावात नव्हते. ग्रँट डफ हा इंग्रज इतिहासकार त्या वेळी पुण्यातच होता आणि गोखल्यांच्या विरुद्ध बाजूस होता. तरी ही गोष्ट त्यानेच लिहून ठेविली आहे. शत्रूच्या लेखणीतून आलेली साक्ष म्हणून तिचे मोल अधिक.

लढाई ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी जुंपली. इंग्रजांची छावणी गारपिरावरून हलून चार दिवस आधी खडकीस गेली होती. रेसिडेंट संगमावरील आपला बंगला सोडून छावणीत जाऊन मिळाला. त्याच्या पाठोपाठ तो बंगला पुस्तकांसकट जाळला गेला. मराठी फौज गणेशखिंडीच्या बाजूने बाहेर पडली. सुमारे १८,००० स्वार, ८,००० पायदळ आणि १४ तोफा. समोर इंग्रजांचे लोक २,८०० च्या आसपास. पेशवे स्वतः पर्वतीवर राहिले आणि तेथून पाहत होते. फौज निघताना जरीपटक्याची काठी मोडली, आणि लोकांच्या तोंडचे पाणी पळाले. अशा गोष्टींवर आपण विश्वास ठेवीत नाही. पण त्या दिवशी हजारो शिपायांनी ठेवला, आणि त्याचा परिणाम झालाच असेल. त्याहून वाईट म्हणजे ऐन वेळी पेशव्यांचा कच खाल्ला. पहिली गोळी आपल्याकडून उडवू नये असा निरोप त्यांनी बापूंकडे पाठविला. जासूद येताना दुरून दिसला. तो काय घेऊन आला असेल हे बापूंनी ओळखले, आणि तो पोहोचण्यापूर्वीच त्यांनी तोफा सुरू करविल्या.

इंग्रजांची एक देशी पलटण पेशव्यांच्या कवायती पायदळाचा पाठलाग करता करता रांग सोडून पुढे गेली. बापूंच्या डोळ्यांनी ती फट हेरली, आणि सुमारे सहा हजार निवडक स्वार जरीपटक्यासह तिच्यावर सोडले. ही घोडदौड नेमली जागा गाठती तर त्या दिवशीचा निकाल कदाचित निराळा लागता. पण मध्ये एक दलदलीचा ओढा होता, आणि तो कोणी आधी पाहून ठेविला नव्हता. पुढचे घोडे चिखलात रुतले, मागचे त्यांच्यावर कोसळले, आणि त्या गोंधळावर बंदुकांची झड लागली. जरीपटका धरणारे मोरो दीक्षित पडले. दापोडीच्या पलटणीचा कप्तान फोर्ड याचे ते जुने स्नेही. दोघांनी लढाईपूर्वी एकमेकांच्या कुटुंबांस जपण्याचा शब्द दिला होता असे सांगतात, आणि दीक्षितांस लागलेला गोळा फोर्डच्याच तोफेचा होता असेही सांगतात. अंधार पडल्यावर मराठी फौज मागे फिरली. इंग्रजांकडील मेलेले व जखमी मिळून ८६. मराठ्यांकडील सुमारे ५००. एवढ्या मोठ्या फौजेचा हा पराभव नव्हे, नुकसानही भारी नव्हे. पण मन मोडले. ह्या सुमारास तळेगावी दोघा इंग्रज भावांस पकडून फाशी देण्यात आले. हे कृत्य बापूंनी केले नाही, परंतु त्यांच्या पक्षाच्या लोकांनी केले, आणि त्याचा कलंक साऱ्या बाजूस लागला.

आता येरवडा. जनरल स्मिथ गोदावरीच्या बाजूस होता. पुण्याची बातमी बंद झाली तेव्हाच त्याने ओळखले की काहीतरी घडले. वाटेत मराठी स्वार त्यास सतावीत होते, तरी तो ता. १३ च्या संध्याकाळी पुण्याजवळ आला. नदीच्या उत्तरेस इंग्रज. दक्षिणेस, गारपिरापासून हैदराबादच्या वाटेवर कोसापेक्षा अधिक पसरलेला मराठी तळ. स्मिथ लगेच हल्ला करणार होता, पण नदीचा उतार तोफांच्या गाड्यांस सोयीचा नाही असे आढळल्यावरून बेत पुढे ढकलावा लागला. ज्यांनी गाड्या घेऊन नदी ओलांडली आहे त्यांस ह्यात नवल वाटणार नाही. १६ तारखेस दिवस कलताना येरवड्याच्या उतारावरून इंग्रजांची आघाडीची तुकडी पाण्यात उतरली. समोरून अरबांनी गोळ्यांचा मारा केला, तोफा चालल्या, स्वारांनी बगलेवर येऊन घेरण्याचा प्रयत्न केला. हे अरब पगारी लोक, पण लढण्यात चिवट. झुंज रात्र पडेपर्यंत चालली. तुकडी पलीकडच्या काठावर पाय रोवून उभी राहिली, तरी मराठी तळ अजून जागच्या जागी होता. सकाळी खरी लढाई व्हावयाची होती.

ती झाली नाही. रात्रीतून बाजीराव साताऱ्याच्या वाटेने निघून गेले. धनीच गेल्यावर फौज कोणासाठी उभी राहणार? १७ तारखेस उजाडले तेव्हा तंबू उभे होते आणि आत कोणी नव्हते. त्याच दिवशी पुणे इंग्रजांच्या हाती गेले आणि शनिवारवाड्यावर त्यांचे निशाण चढले. पंधरा वर्षांपूर्वी हडपसरहून जे झाले तेच पुन्हा झाले. फरक इतकाच की, त्या वेळी पेशव्यांस परत आणून बसविणारे इंग्रज होते, आणि आता तेच पाठीवर होते. बापूंनी येथे धन्यास सोडले असते तर त्यांस कोणी फारसा दोष दिला नसता. पुढील काही महिन्यांत अनेक सरदार एकेक करून आपापल्या जहागिरी सांभाळावयास इंग्रजांकडे गेले. बापूंस इंग्रजांत ओळख होती, एल्फिन्स्टनाचा स्नेह होता. त्यांचे दार उघडे होते. ते त्या दारातून गेले नाहीत. ते पळणाऱ्या धन्याच्या मागे राहून त्याची पाठ राखीत चालले.

मग तीन महिने नुसती धाव. माहुली, पंढरपूर, तेथून उत्तरेस जुन्नरकडे, आणि पुन्हा पुण्याच्या बाजूस. सातारचे छत्रपती प्रतापसिंह, त्यांची आई व भाऊ यांसही पेशव्यांनी बरोबर घेतले होते. ता. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगाव येथे कॅप्टन स्टॉन्टनची एक लहान तुकडी, सुमारे ८०० लोक आणि दोन तोफा, पेशव्यांच्या मोठ्या फौजेपुढे सापडली. पेशवे दूर टेकडीवर. हल्ल्याची व्यवस्था गोखले, आप्पा देसाई आणि त्रिंबकजी यांच्याकडे. गावातल्या गल्ल्यांतून रात्रीपर्यंत हातघाई चालली. आत अन्न नव्हते, पाणी नव्हते. तरी तुकडी हटली नाही, आणि इंग्रजांची आणखी फौज येत असेल ह्या भीतीने पेशव्यांची फौज रात्री निघून गेली.

ह्या ठिकाणी मी थोडा थांबतो. तेथील स्तंभावर पडलेल्या लोकांची जी नावे आहेत त्यांतील २२ नावांच्या शेवटी नाक हे पद आहे. म्हणजे ते महार शिपाई होते. आपल्या मंडळ्यांतील कित्येक घरांचे लोक दरवर्षी तेथे जातात आणि त्या नावांकडे अभिमानाने पाहतात. ज्या पुण्याच्या राज्यात त्यांच्या वाडवडिलांस माणसाचे मोल नव्हते, त्या राज्यासाठी त्यांनी का लढावे, असा प्रश्न कोणी विचारला तर मजजवळ त्यास उत्तर नाही, आणि ते शोधण्याची मला इच्छाही नाही. मग ह्या पत्रात त्यांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या सेनापतीचे चरित्र कशास, असे कोणी म्हणेल. ह्यासाठी की, समोरचा मनुष्य कसा होता हे कळल्यावाचून आपल्या माणसांनी काय केले हेही पुरते कळत नाही. गल्लीच्या तोंडाशी तहानेने कोरड पडलेले ते शिपाई एखाद्या भेकडाशी लढत नव्हते. भेकड टेकडीवर होता.

कोरेगावनंतर पेशवे दक्षिणेस वळले. तिकडे घटप्रभेच्या बाजूस मन्रोने गोखल्यांच्याच जुन्या मुलखात लोक उठविले होते. ज्या गावांतून वर्षानुवर्षे खंडणी नेली, त्या गावांनी बापूंसाठी हात उचलला नाही. वाट अडली, आणि फौज पुन्हा वर फिरली. ता. १० फेब्रुवारीस साताऱ्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. दुसऱ्याच दिवशी एल्फिन्स्टनाने जाहीरनामा काढला: पेशव्यांचे राज्य संपले, छत्रपतींस त्यांचा मुलूख मिळेल, ज्याची वतने त्याच्याकडे राहतील. हा कागद दहा पलटणींचे काम करून गेला. पेशव्यांच्या छावणीतून स्वार रोज गळू लागले.

ता. २० फेब्रुवारी १८१८ रोजी सोलापूर व पंढरपूर यांच्या मधल्या भागात आष्टी येथे तळ पडला होता. पेशवे जेवावयास बसले होते, तोच स्मिथाचे स्वार जवळ आल्याची बातमी आली. बाजीरावांनी बापूंस टोचणारा निरोप पाठविला की, शत्रूस इतका जवळ येऊ दिला तो त्यांनीच. बापूंनी उलट इतकेच कळविले की, पेशव्यांनी निर्धास्त निघावे, मागची बाजू आपण सांभाळतो. पेशवे पालखी टाकून घोड्यावर बसले आणि गेले. बापूंबरोबरच्या लोकांनी त्यांस सुचविले की, आपणही मागे हटून मोठ्या फौजेस मिळावे. अशा थोड्या लोकांनी घोडदळाच्या पलटणींस तोंड देणे शहाणपणाचे नव्हे. शहाणपणाचे नव्हते हे त्यांस दुसऱ्या कोणाहून अधिक ठाऊक होते. इंग्रजांच्या बाजूने लढून त्यांनी ते शिकले होते. तरी ते निवडक स्वार घेऊन वळले आणि ड्रॅगून स्वारांच्या बगलेवर तुटून पडले. पहिला धक्का असा बसला की, इंग्रजांची रांग विस्कळली आणि खुद्द जनरल स्मिथाच्या डोक्यावर तलवारीची जखम झाली. मग दुसऱ्या तुकड्या फिरून आल्या. बापू घोड्यावरून कोसळले ते पुन्हा उठले नाहीत. त्या वेळी त्यांचे वय सुमारे एकेचाळीस वर्षांचे होते.

त्यांच्या मरणाने पेशव्यांस निसटण्यास अवधी मिळाला. छत्रपती प्रतापसिंह, त्यांची आई व भाऊ मात्र मागे राहिले आणि इंग्रजांच्या हाती लागले. ते त्यांस संकट वाटले नाही, सुटका वाटली; एप्रिल महिन्यात साताऱ्यास त्यांस गादीवर बसविण्यात आले. त्याच महिन्यात वासोट्याचा किल्लाही पडला. ताई तेलिणीने आठ महिने लढविलेला तो किल्ला इंग्रजांच्या तोफांपुढे काही दिवसांतच शरण आला.

बाजीराव आणखी तीन महिने पळत राहिले. बापू गेल्यानंतर त्यांच्यासाठी अशी पाठ राखणारा कोणी निघाला नाही. ता. ३ जून १८१८ रोजी अशीरगडाजवळ ते सर जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाले, आणि दरसाल आठ लक्ष रुपयांच्या नेमणुकीवर गंगेच्या काठी बिठूरास राहावयास गेले. तेथे ते स्नानसंध्या, दानधर्म आणि नवी लग्ने करीत १८५१ पर्यंत जगले.